उफराटं मीठ

वन्सं, काल तुमच्या भावाने तुमची बाटली बेसिनमध्ये ओतायचीच काय ती बाकी ठेवली होती.

त्याची चूक नाही. जानेवारीच्या थंडीत ती बाटली पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं. काचेचं जाड बूच, आत रंगाचा ब्रश धुतल्यासारखं किंचित जांभळट पाणी, आणि तळाशी साखरेचे असावेत तसे चार-दोन कण. आम्ही दोघं मयूर विहारच्या तुमच्या फ्लॅटमध्ये सामान आवरायला आलो होतो. तुमचे दिवस होऊन आठवडासुद्धा झालेला नाही. श्रीकांतने खिडकीतली बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "शुभा, यात तर नुसतं पाणी आहे यार. लेबल पण उडालंय. ओतू?"

मी इतक्या जोरात "नाही!" म्हणाले की शेजारच्या सरदारीणबाई दारात येऊन विचारून गेल्या, "सब ठीक है ना जी?"

ठीक कुठलं? तुम्हाला एक वाक्य सांगायचं राहून गेलंय. फार मोठं नाही, तीन शब्दांचं आहे. 'आमच्याकडे राहायला चला.' सात वर्षं ते माझ्या तोंडात होतं, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले. आता तुम्ही नाही म्हटल्यावर मला कंठ फुटलाय. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तुम्हीच म्हणाला असतात.

दिल्लीत नणंदेला वन्सं म्हणणारी मी बहुतेक शेवटचीच. तुमच्या ऑफिसात फोन करून मी घाईत "वन्सं आहेत का?" असं विचारलं की पलीकडचा माणूस सांगायचा, "यहाँ कोई वंसा मैडम नहीं हैं जी." मग मी भानावर येऊन तुमचं नाव घ्यायची. तुम्हाला मात्र ते आवडायचं. "राहू दे," म्हणायचात, "इथे मला डॉक्टर मॅडम म्हणणारे पुष्कळ आहेत."

लग्न होऊन पुण्याहून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हा माझ्याकडे फक्त दोन बॅगा होत्या. सासूच्या घरात कसं राहायचं ते आईने शिकवलं होतं. नणंदेच्या घरात कसं राहायचं हे कुणी शिकवत नाही. क्वार्टर तुमच्या नावावर, गॅस तुमच्या नावावर, टेलिफोन तुमच्या नावावर. श्रीकांतची नोकरी तेव्हा नवी, आणि तुम्ही सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ. पहिल्याच दिवशी तुम्ही मोठी खोली आम्हाला दिलीत, त्यातला तुमचा सागवानी पलंगही दिलात, आणि स्वतः बाहेरच्या खोलीत दिवाणावर उशी टाकलीत. मी संकोचून काही बोलायला गेले, तर म्हणालात, "मला पंख्याखाली झोपच येत नाही." दिल्लीच्या जूनमध्ये! इतकी वाईट थाप मी त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

आणि ती तुमची लेबलं. स्वयंपाकघरात डब्या-डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर तुमचं टपोरं अक्षर. तूरडाळ, भरल्याची तारीख, खाली तुमच्या नावाचं पहिलं अक्षर, 'न'. हळद, तारीख, 'न'. तुमच्या लॅबचा नियमच होता की ज्याची वस्तू त्याचं नाव आणि तारीख, आणि बिननावाची बाटली दिसली की तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी आल्याला आठवडा झाला असेल. सकाळी पाहते तर माझ्या मिसळणाच्या डब्यावर नवी पट्टी, 'शुभा', आणि तारीख. मी चिडवलं, "वन्सं, आता मलाच एक चिकटवा कपाळावर." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "तू कुठे हरवणार आहेस? डबा हरवतो." त्या घरातली माझ्या नावाची ती पहिली वस्तू होती. मला त्या वेळी नुसतं हसू आलं होतं.

अकरा वर्षं मी त्या घरात राहिले. तुम्ही एकदासुद्धा 'माझं घर' म्हणाला नाहीत. हे मला तिथे असताना कधी जाणवलं नाही, तिथून निघाल्यावर जाणवलं.

तुमचं काम मला कळत नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण हिवाळ्यात मटार सोलायला बसलो की तुम्हाला बोलायची लहर यायची. एकदा तुम्ही जुळ्यांची गोष्ट सांगितलीत. दीडेकशे वर्षांपूर्वी एक मूलद्रव्य सापडलं म्हणे, आणि चाळीसेक वर्षं सगळे त्याला एकच समजत राहिले. मग कुणीतरी चिकाटीने ते विरघळवलं, त्याचे स्फटिक बसवले, वरचं वेगळं केलं, खालचं वेगळं केलं, पुन्हा विरघळवलं. असं शेकडो वेळा. शेवटी एका भांड्यात हिरवे स्फटिक राहिले आणि दुसऱ्यात गुलाबी-जांभळे. एकाचं नाव ठेवलं हिरवं जुळं आणि दुसऱ्याचं नवं जुळं. ते नवं जुळं म्हणजे तुमचं निओडिमियम.

"एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"दोघांच्यात फरकच केसाएवढा असतो, शुभा. एकाला थोडी आधी बसायची घाई, दुसऱ्याला थोडी उशिरा. तेवढ्यावरच वेगळं करायचं. आणि त्यात घाई करून चालत नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं हेच करताय?"

"तू नाही का रोज पोळ्या करत?" म्हणालात, आणि माझ्या पुढ्यातले मटार आपल्याकडे ओढून घेतलेत, कारण मी किडके आत टाकत होते.

केरळच्या किनाऱ्यावरची वाळू, त्यातून निघणारी ती मिश्र माती, आणि त्या मातीतून तुम्ही वेगळं काढलेलं चिमूटभर शुद्ध काहीतरी. त्याचं लोखंडाशी लग्न लावलं की जगातलं सगळ्यात जोरदार चुंबक होतं, हे सांगताना तुमचा आवाज आईसारखा व्हायचा. आपल्या देशात ते वाळूपासून चुंबकापर्यंत सगळं व्हावं, एवढंच तुम्हाला हवं होतं.

मग नव्वदीची सुरुवात झाली आणि दारं उघडली. बाजारात एकाएकी सगळं यायला लागलं, आणि तुमच्या निओडिमियमचं ऑक्साइडही बाहेरून यायला लागलं, तयार, शुद्ध, म्हणाल तेवढं. तुमचा प्रकल्प कुणी बंद केला नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं बंद केलं. एका डिसेंबरात तुम्ही घरी आलात तेव्हा हातात ही बाटली होती, आणि बाटलीबरोबर एक गेट पास. 'काचेची बाटली, एक, नमुन्यासहित', खाली साहेबांची सही. ऑफिसातली पेन्सिलसुद्धा घरी न आणणाऱ्या बाई तुम्ही. तो गेट पास तुम्ही कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. जणू पोलीस येऊन विचारणार होते.

"सल्फेट आहे," म्हणालात. "माझ्या हातचं शेवटचं आणि सगळ्यात शुद्ध." बाटली तुम्ही बाहेरच्या खोलीत शोकेसवर ठेवलीत. संध्याकाळी श्रीकांत ट्यूबलाइटखाली पाहून म्हणाला, निळसर आहे. मी दुपारी पाहिली होती, मी म्हटलं जांभळट आहे. आम्ही चांगले भांडलो. तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात, "दोघंही बरोबर आहात. आधी उजेड कुठला ते सांगत जा."

आणि मग तो मे महिना. आठवतंय ना? आता तरी हसू नका.

तुम्ही ऑफिसात होतात. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता, घरात वीज नव्हती, आणि मी वेळ घालवायला शोकेस पुसायला घेतला. पाहते तर बाटलीच्या तळाशी बोटभर गुलाबी खडे बसलेले. तुमची इतक्या वर्षांची मेहनत, आणि माझ्या घरात येऊन नासली! पण मी काही घाबरून हातपाय गाळणारी नाही. मला वाटलं, यात काय मोठंसं, मध बसतो तसंच हे बसलंय. बसलेल्या मधाला काय करतात ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. पातेल्यात पाणी तापवलं, बूच सैल केलं आणि बाटली आत ठेवून दिली. वर झाकण म्हणून ताटलीसुद्धा ठेवली.

पंधरा मिनिटांनी पाहिलं तर खडे वाढलेले. वाटलं, ऊब कमी पडली. गॅस मोठा केला. अर्ध्या तासाने बाटलीत निम्म्याच्या वर घट्ट गुलाबी रवा. छोटी गौरी स्टुलावर चढून बघत होती. "मम्मी, ये तो पूरा जम गया! बिल्कुल दही जैसा!" मी तिला एक धपाटा दिला आणि खाली बसून रडले.

तुम्ही आलात तेव्हा मी दारातच सगळं कबूल केलं. तुम्ही चप्पलसुद्धा न काढता आत गेलात, पातेल्यातली बाटली बघितलीत, आणि ओट्याला धरून हसायला लागलात. हसता हसता तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या वर्षात तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

"अगं, नासलं नाही ते. हे मीठच उफराटं आहे. सगळी दुनिया गरम पाण्यात विरघळते, हे गरम पाण्यात बसतं. थंडी आली की पुन्हा विरघळतं. तू मधाचा उपाय केलास!"

"मग थंडीत ते कुठे जातं?"

"कुठे जात नाही. तिथेच असतं. दिसत नाही, एवढंच."

तुम्ही बाटली फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवलीत. गौरी दर तासाला दार उघडून बघायची आणि हलवून ठेवायची. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ. तेव्हापासून आपल्या घरात एक रिवाजच पडला. बाटली बसायला लागली की माळ्यावरचा कूलर काढायचा आणि नव्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आणायच्या. बाटली विरघळली की रजया उन्हात टाकायच्या. सगळी दिल्ली कॅलेंडर बघायची, आपण बाटली बघायचो. गौरी शाळेतून येऊन विचारायची, "आत्या, बसली का?" तिच्या मैत्रिणींना वाटायचं, घरात कुणीतरी कोंबडी पाळलीय.

वन्सं, ती चार-पाच वर्षं फार चांगली गेली. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तुमची आणि श्रीकांतची भांडणं त्याच वर्षांतली. तो सरकारी कंपनी सोडून कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला, टाय लावायला लागला, आणि बोलण्यात 'मार्केट' यायला लागलं. एका रविवारी त्याने ऑफिसातली बिघडलेली हार्ड डिस्क जेवणाच्या टेबलावर उघडली. आतून चंद्रकोरीसारखे दोन चकचकीत तुकडे निघाले, तुमच्या निओडिमियमचीच चुंबकं. तुम्ही उचलायला गेलात आणि ते एकमेकांवर असे आपटले की तुमचं बोट मध्ये सापडलं. रक्त आलं. तरी तुम्ही हसत होतात. "ओळखलं का मला?" असं त्या तुकड्याला म्हणालात.

"अक्का, बघ," तुमचा भाऊ म्हणाला, "हे बाहेर इतकं स्वस्त आणि इतकं छान होतंय. मग आपण इथे बसून कशाला करायचं?"

"आपल्याला येतं म्हणून."

"येतं म्हणून काहीही करायचं का? ये कोई लॉजिक है?"

"उद्या त्यांनी द्यायचं नाही असं ठरवलं की तुझं लॉजिक कुठल्या दुकानात मिळेल?"

तो हसला. तुम्ही बोटाला हळद लावून घेतलीत. ते भांडण तसंच राहिलं. त्या दिवशी तुमचे दहनसंस्कार आटोपून येताना यमुनेवरच्या आयटीओच्या पुलावर गाडी अडकली होती, तेव्हा तो एकाएकी म्हणाला, "अक्काला मी कधी बरोबर म्हटलं नाही." मी म्हटलं, "मग आता म्हण." तुम्ही त्याला धुतलं असतंत, पण आतून सुखावला असतात.

आता माझी गोष्ट. ती टाळत टाळत इथपर्यंत आणली.

तुम्ही निवृत्त होणार म्हणजे क्वार्टर सोडायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच सुमारास गुडगावला नवे टॉवर उठत होते. आजूबाजूला मोहरीची शेतं आणि मधोमध चौदा मजले. आम्ही तिथे फ्लॅट घेतला. वन्सं, मला स्वतःचं घर हवं होतं. तुमच्याविरुद्ध काही नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण चाळिशी जवळ आली होती आणि एकदा तरी दारावर आपल्या नावाची पाटी असावी, डबे आपल्या मनाने लावावेत, असं वाटायचं. तुम्ही आमच्याबरोबर येणार हे श्रीकांतने गृहीत धरलं होतं. तुमचं तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि ते विचारण्याचं काम माझं होतं, कारण घर चालवणारी मी.

एका दुपारी मी फ्लॅटचा नकाशा तुमच्यापुढे पसरला. ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, ही आमची, ही गौरीची. तिसऱ्या खोलीवर माझं बोट आलं. तुम्ही बघत होतात, नकाशाकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, "आणि ही गेस्ट रूम."

तुम्ही नकाशाची घडी घातलीत. मग म्हणालात, "छान. पाहुण्यांची सोय झाली." आणि चहा ठेवायला उठलात.

दोन आठवड्यांनी तुम्ही सांगितलंत की मयूर विहारच्या सोसायटीत तुम्हाला फ्लॅट मिळतोय, दोन खोल्यांचा, ऑफिसातले बरेच जण आहेत तिथे, चांगली सोबत होईल. श्रीकांत चिडला. मी रीतसर "असं काय वन्सं" म्हणाले. जेवढं रीतीपुरतं म्हणतात तेवढंच. आणि मनातून मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं लिहून आता कुणाला फसवणार?

सामान बांधताना मी बाटली आमच्या खोक्यात ठेवली होती. गौरीला हवी होती. तुम्ही ती काढून घेतलीत, कापडात गुंडाळलीत. "तुमच्याकडे एसी असणार. बाराही महिने सारखंच. तिथे हिला काही कळायचं नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मग गुडगाव ते मयूर विहार, दिल्लीची दोन टोकं. तुम्ही दिवाळीला यायचात, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचात. त्या खोलीत झोपायचात आणि सकाळी चादरीची अशी घडी करून ठेवायचात की तिथे कुणी झोपलं होतं हे कळू नये. ती घडी मी दुपारपर्यंत उचलायची नाही. आम्ही तुमच्याकडे यायचो ते दुपारपुरते. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "राहा की आज." मी दर वेळी म्हणायची, "नको वन्सं, तुम्हाला कशाला त्रास, आणि उद्या गौरीची शाळा." दोन खोल्यांपैकी एकीचं दार नेहमी ओढलेलं असायचं. मला वाटायचं, अडगळ असेल. विचारलं नाही.

पण फोन यायचा. वर्षातून दोन फोन कधी चुकले नाहीत. एप्रिलच्या शेवटी, "शुभा, बसली." नोव्हेंबरात, "विरघळली हो. रजया काढा." आमच्याकडे कूलर नव्हता आणि खसही नव्हती. तरी तुमचा फोन आला की मी गौरीला ओरडून सांगायची, आणि ती तिकडून ओरडायची, "आत्या को बोलो, कन्फर्म्ड!" सात वर्षं मी त्या दोन फोनांची वाट बघितली आहे. त्याच फोनवर ते वाक्य बोलायचं असं दर वेळी ठरवायची.

या नोव्हेंबरात तर मी कागदावर लिहून ठेवलं होतं. गौरी शिकायला पुण्याला गेली, घर खायला उठतंय, तुम्हाला दमा, एकट्या कशाला राहता. सगळे मुद्दे तयार. तुमचा फोन आला. आवाज थोडा बसलेला होता. "विरघळली, शुभा."

मी म्हटलं, "हो. काढते रजया."

दोन क्षण तुम्ही फोन ठेवला नाहीत. मीही ठेवला नाही. तुमचा श्वास ऐकू येत होता. मग तुम्हीच म्हणालात, "बरं, ठेवते." डिसेंबर संपता संपता ताप आला, आणि आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही बोलण्यापलीकडे गेला होतात.

काल बाटली वाचवली, आणि मग श्रीकांत कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागला. तुमचा जुडगा टेबलाच्या खणात होता. अर्थात, प्रत्येक किल्लीला पांढरी पट्टी. 'कपाट.' 'मीटर.' 'गच्ची.' श्रीकांत एकेक वाचत होता. एका किल्लीपाशी थांबला, आणि जुडगा माझ्या हातात दिला.

'शुभाची खोली.' खाली तारीख. या फ्लॅटचा ताबा तुम्हाला मिळाला त्याच आठवड्यातली. आणि कोपऱ्यात 'न'.

सात वर्षांपूर्वीची शाई, वन्सं. मी तुम्हाला पाहुण्यांची खोली दाखवली त्याला दोन-तीन महिने झाले असतील नसतील. आणि तुम्ही माझ्या नावाने खोली ठेवलीत, लेबल लावलंत आणि गप्प बसलात. का बोलला नाहीत? मी नाही बोलले ते समजू शकते, मी लाजेने मेले होते. पण तुमचं तोंड कुणी धरलं होतं? राग येतोय मला तुमचा. तुम्ही "राहा की आज" म्हणायचात, त्याऐवजी "तुझी खोली बघ तरी" असं म्हटलं असतंत तर? मला वाटतं तुम्ही वाट बघत होतात. मीही बघत होते. आपण दोघी एकमेकींच्या 'ये' म्हणण्याची वाट बघत यमुनेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. केसाएवढा फरक, आणि तो वेगळं करायला पुरला.

दार उघडलं. आत तुमचा सागवानी पलंग, आम्हाला दिला होता तोच. गुडगावला आम्ही नवा घेतला तेव्हा तो तुमच्याकडे आला होता. त्यावर धुतलेली चादर. उशाशी गौरीचा एक जुना कागद, बाटलीचं चित्र, खाली तिच्या वाकड्या अक्षरात 'आत्याची बॉटल'. कुठेही धूळ नाही. गेल्या महिन्यापर्यंत तुम्ही ही खोली पुसत होतात.

श्रीकांत संध्याकाळी म्हणाला, "चलो, निघूया. उरलेलं पुढच्या रविवारी."

"तू जा," मी म्हटलं. "मी राहते दोन दिवस."

"इथे? कुठे झोपणार?"

"माझ्या खोलीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तुमची शाल माझ्या अंगावर टाकून गेला.

आज दुपार झालीय. धुकं आत्ता कुठे वर गेलंय. मी मघाशी तुमच्या पातेल्यात पाणी तापवलं, बाटलीचं बूच सैल केलं, आणि बाटली आत ठेवली. वर ताटली ठेवली नाही, तेवढं शिकलेय. गॅस बारीक ठेवून मी स्टूल ओढून बसले. पहिली पंधरा-वीस मिनिटं काही दिसेना. तळाचे ते चार कण तेवढे. मला वाटलं, इतक्या वर्षांत त्याच्यातला उलटेपणा संपला असेल. मग बाटली जरा हलवली, आणि पाण्यात कुठूनसं काहीतरी चमकलं, खाली आलं. मग आणखी एक. मग सगळीकडून. तासाभरात तळ गुलाबी झाला, तुमच्या हातचा, तितकाच स्वच्छ.

पट्टीचं रीळ आणि तुमचं पेन खणातच होतं. बाटली पुसून कोरडी केली आणि नवी पट्टी लावली. निओडिमियम सल्फेट, आजची तारीख, आणि नाव तुमचं, पूर्ण. ती मी आता गुडगावला नेणार आहे. तिसऱ्या खोलीतला एसी काढून टाकायला श्रीकांतला सांगितलंय. तो "का" म्हणाला नाही. तिथल्या खिडकीत ती राहील, आणि त्या खोलीच्या किल्लीलाही मी पट्टी लावणार आहे. काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे.

आत्ता सवयीने फोन उचलला होता. तुमचाच नंबर फिरवला, आणि तुमच्याच टेबलावरून एंगेजचा टोन ऐकत उभी राहिले. मोसम नाही, थंडी आहे, पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

वन्सं, बसली.